परदेशात गुन्ह्याचा बळी ठरलेल्या भारतीयाला न्याय मिळवून देणार कोण?

अटकेतील आरोपीसाठी आंतरराष्ट्रीय करार, फिर्यादीसाठी मात्र यजमान देशाचाच कायदा

नवी दिल्ली : आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या टॅला या उपनगरात जुलै २०२५ मध्ये एका भारतीय नागरिकाला टोळक्याने जबर मारहाण केली. त्या देशात येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. हल्लेखोरांनी त्याच्यावर केलेले आरोप निराधार असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतरच्या दिवसांत भारतीयांवरील हल्ल्यांच्या आणखी काही घटना उजेडात आल्या. १ ऑगस्ट रोजी तेथील भारतीय दूतावासाने सूचनापत्र काढून नागरिकांना सुरक्षेची काळजी घेण्याचे आणि निर्जन भागात, विशेषतः अवेळी, जाणे टाळण्याचे आवाहन केले. आयर्लंडचे तत्कालीन अध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनीही जाहीर निवेदनाद्वारे या हल्ल्यांचा निषेध केला.

दूतावासाचा इशारा आणि राष्ट्रप्रमुखांचा निषेध या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. तथापि, रुग्णालयातून घरी परतलेल्या जखमी माणसापुढील प्रश्न वेगळे असतात. फिर्याद कोणत्या भाषेत द्यायची, वकील कोण देणार, उपचारांचा खर्च कोण सोसणार, खटला उभा राहीपर्यंत व्हिसा टिकेल का आणि आपल्या देशाचे सरकार यांपैकी नेमके काय करू शकते, हे ते प्रश्न होत. परदेशस्थ भारतीयांची संख्या आज सुमारे साडेतीन कोटी असून त्यांपैकी दीड कोटीहून अधिक भारताचे नागरिक आहेत. २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्याच १३ लाखांवर होती. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे मोजक्या कुटुंबांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत.

कराराला दिसतो तो कैदी आणि मृत

परदेशातील नागरिकांना मिळणाऱ्या साहाय्याचा आधार म्हणजे १९६३ चा वाणिज्यदूतीय संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार. भारत १९७७ पासून त्याचा पक्षकार आहे. या कराराच्या कलम ३६ नुसार एखाद्या परकीय नागरिकाला अटक झाल्यास, त्याने मागणी केल्यावर, त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळविणे यजमान देशावर बंधनकारक आहे. हा हक्क आपल्याला आहे, हे त्या कैद्याला सांगण्याची जबाबदारीही पोलिसांचीच असते. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानला दोषी धरले, ते याच कलमाच्या आधारे.

कलम ३७ दुसऱ्या एका प्रसंगाची दखल घेते. परकीय नागरिकाचा मृत्यू झाल्याची माहिती यजमान देशाच्या अधिकाऱ्यांकडे असेल, तर ती वकिलातीला विनाविलंब कळवावी लागते. अज्ञान मुलासाठी पालक नेमण्याची गरज असल्यासही हेच बंधन लागू होते.

मात्र ज्याच्यावर हल्ला झाला, ज्याला लुटले गेले किंवा जिच्यावर अत्याचार झाला, अशा हयात पीडिताविषयी यजमान देशाच्या पोलिसांनी वकिलातीला कळवावे, असे बंधन या करारात कोठेही नाही. पीडित व्यक्ती स्वतः वकिलातीशी संपर्क साधू शकते आणि वकिलातीचे अधिकारीही तिला मुक्तपणे भेटू शकतात. आपल्या नागरिकांना साहाय्य करणे हे कलम ५ मध्ये वकिलातीच्या कामांपैकी एक म्हणून नमूद केलेले आहे. तथापि, पुढाकार घेण्याची जबाबदारी पीडितावरच राहते. आरोपीच्या बाबतीत यंत्रणा आपोआप हलते. पीडिताच्या बाबतीत ती हलवावी लागते. परदेशस्थ भारतीयांच्या अनेक तक्रारींचे मूळ या फरकात आहे.

याच कराराचे कलम ५५ वकिलातीच्या हातांना मर्यादाही घालते. यजमान देशाच्या कायद्याचा आदर करणे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे वाणिज्यदूतांचे कर्तव्य ठरते. त्यामुळे भारतीय अधिकारी परदेशात तपास करू शकत नाहीत, साक्षीदार तपासू शकत नाहीत आणि न्यायालयात पीडिताचे वकीलपत्रही घेऊ शकत नाहीत. ‘दूतावासाने काय केले?’ हा प्रश्न विचारताना ही चौकट लक्षात घेणे भाग आहे.

दूतावासाच्या हाती काय आहे?

या चौकटीतही बरेच काही करता येते. २००९ मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी हे त्यातील प्रमुख साधन आहे. वाणिज्यदूतीय सेवांवर आकारल्या जाणाऱ्या अल्प शुल्कातून या निधीत भर पडते. २०१७ मध्ये त्याचे नियम अधिक व्यापक करण्यात आले. संकटात सापडलेल्या नागरिकाची निवास-भोजन व्यवस्था, तातडीचे उपचार, मायदेशी परतण्याचे तिकीट, पार्थिव पाठविण्याचा खर्च आणि पात्र प्रकरणांत कायदेशीर साहाय्य यांसाठी तो वापरता येतो. पतीने सोडून दिलेल्या किंवा फसविलेल्या स्त्रियांसाठी त्यात स्वतंत्र तरतूद आहे. साहाय्य देताना अर्जदाराची आर्थिक स्थिती पाहिली जाते आणि निर्णय त्या-त्या दूतावासाकडे असतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मदद’ या पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करता येतो. भारतातील नातेवाइकांनाही तेथे तक्रार देता येते. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर यांसारख्या ठिकाणी प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रे आहेत. भारतीयांची वस्ती मोठी असलेल्या देशांत दूतावास स्थानिक वकिलांची यादीही ठेवतात.

या साऱ्या व्यवस्थेत कायदेशीर साहाय्य हा हक्क नसून सवलत आहे, ही तिची मुख्य उणीव होय. यादीतील वकील पहिला सल्ला देतो. परंतु दोन-तीन वर्षे चालणाऱ्या खटल्याचा भार हा निधी सहसा उचलत नाही. म्हणूनच पीडिताला अखेरीस जावे लागते ते यजमान देशाच्या कायद्याकडे.

आकडे काय सांगतात

जुलै २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यात आजार, अपघात यांसह सर्व कारणे होती. हिंसक हल्ल्यांत मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या १९ होती. त्यांपैकी नऊ जण कॅनडात आणि सहा जण अमेरिकेत होते. परदेशात हल्ला झालेल्या किंवा ठार झालेल्या भारतीयांची संख्या २०२१ मध्ये २९, २०२२ मध्ये ५७ आणि २०२३ मध्ये ८६ असल्याचेही मंत्रालयाने संसदेत सांगितले आहे.

दीड कोटी नागरिकांच्या तुलनेत हे आकडे लहान वाटतात. परंतु दूतावासापर्यंत पोहोचलेली प्रकरणेच त्यात मोजली जातात. पोलिसांवर कळविण्याचे बंधन नसल्याने ज्याने स्वतः कळविले नाही तो या आकड्यांत नसतो. त्यामुळे वाढणारी संख्या गुन्ह्यांची वाढ दाखवते की नोंदीची, हे केवळ या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि दोन्ही देशांच्या संबंधांत कटुता आली. त्यानंतर ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्र संस्थेने २००५ ते २००९ या काळातील पोलीस नोंदी तपासून २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साध्या मारहाणीच्या घटनांत भारतीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येइतके किंवा त्याहून कमी होते. लुटीच्या घटनांत मात्र ते मोठ्या राज्यांत सरासरीहून अधिक आढळले. पेट्रोल पंप, रात्री उघडी राहणारी दुकाने, टॅक्सी यांतील नोकऱ्या आणि रात्रीचा सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास यांच्याशी या जोखमीचा संबंध असल्याचे अहवालाने दाखवून दिले. वंशद्वेषाचा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला नाही. पण गुन्ह्याची जागा आणि वेळ पीडिताच्या आर्थिक स्थितीशी कशी बांधलेली असते, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल व्यवस्था उभी केली.

स्थानिक कायद्याची उघडी दारे

यजमान देशाच्या कायद्यात पीडितासाठी असलेल्या तरतुदींची माहिती अनेक भारतीयांना नसते. युरोपीय संघाच्या २०१२ च्या पीडित हक्क निर्देशानुसार गुन्ह्याच्या पीडिताशी निवासाच्या दर्जावरून भेदभाव करता येत नाही. फिर्यादीच्या वेळी दुभाषी, फिर्यादीची लेखी पोच आणि प्रकरणाच्या प्रगतीची माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे. आयर्लंडने २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तेथील २०२४ चा द्वेषमूलक गुन्ह्यांचा कायदा त्या वर्षाच्या अखेरीस अमलात आला असून द्वेषाचा हेतू सिद्ध झाल्यास वाढीव शिक्षेची तरतूद त्यात आहे. म्हणूनच हल्ल्याच्या वेळी उच्चारले गेलेले शब्द पहिल्याच जबाबात नोंदविणे महत्त्वाचे ठरते. ते नंतर आठवून सांगितल्यास त्यांचे पुरावामूल्य घटते.

अमेरिकेत गुन्ह्यांच्या पीडितांसाठी प्रत्येक राज्यात भरपाई योजना आहे. उपचार, बुडालेली मजुरी आणि अंत्यसंस्कार यांचा खर्च त्यातून मिळू शकतो. २००० च्या कायद्याने तेथे ‘यू’ व्हिसाही निर्माण केला. ठराविक गंभीर गुन्ह्यांचा बळी ठरलेल्या आणि तपासात सहकार्य करणाऱ्या परकीयाला तो मिळू शकतो. त्यासाठी तपास यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. मात्र वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी १० हजारांचीच मर्यादा असल्याने अर्जदारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. या सवलतीचा गैरवापरही झाला. दुकानांवर बनावट दरोडे घडवून आणून कर्मचाऱ्यांना ‘पीडित’ ठरविण्याच्या कटाचा खटला मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयात चालला. अशा प्रकरणांची किंमत खऱ्या पीडितांना वाढत्या संशयाच्या रूपाने मोजावी लागते.

ब्रिटनमध्ये हिंसक गुन्ह्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. तेथे सामान्यतः दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि गुन्हा शक्य तितक्या लवकर पोलिसांकडे नोंदविलेला असावा लागतो. नेहमीच्या वास्तव्याची अट असल्याने काही दिवसांसाठी गेलेला भारतीय पर्यटक आणि तेथे नोकरी करणारा भारतीय यांची पात्रता सारखी नसते.

खरा अडसर निवासाच्या दर्जाचा

कायदा उपलब्ध असूनही अनेक पीडित पोलिसांकडे जात नाहीत. याचे कारण बहुधा त्यांच्या व्हिसात दडलेले असते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ऑलेथ येथे एका भारतीय अभियंत्याची वंशद्वेषातून गोळ्या झाडून हत्या झाली. पुढच्याच वर्षी आरोपीला राज्याच्या आणि संघीय अशा दोन्ही न्यायालयांत जन्मठेप झाली. न्यायव्यवस्थेने आपले काम चोख बजावले. परंतु पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या त्याच्या पत्नीचा त्या देशात राहण्याचा आधार पतीबरोबरच संपला होता. एका संसद सदस्याने पुढाकार घेतल्यावर तिला तात्पुरता परवाना मिळाला. जिच्या पतीचा बळी गेला, तिलाच राहण्याची परवानगी मिळविण्यासाठी झगडावे लागले. अशी हजारो कुटुंबे अवलंबितांच्या व्हिसावर जगत असतात आणि प्रत्येकीच्या पाठीशी संसद सदस्य उभा राहतोच असे नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा अडसर कामाच्या तासांचा असतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तास काम करणारा विद्यार्थी रात्रीच्या पाळीत लुटला गेला, तर फिर्याद देताना तो तेथे त्या वेळी काय करीत होता, हेही सांगावे लागते. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रीचा व्हिसा पतीच्या हाती असतो. ब्रिटनने अशा काही स्त्रियांसाठी तात्पुरत्या स्वतंत्र निवासाची आणि आर्थिक साहाय्याची सवलत दिली आहे; अनेक देशांत ती नाही.

आखाती देशांतील प्रायोजक पद्धतीत, म्हणजे ‘कफाला’मध्ये, हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये नोकरी बदलण्यासंबंधीचे नियम शिथिल केले. तरीही मालकाचे घर सोडून निघालेल्या घरकामगाराविरुद्ध ‘पळून गेल्याची’ तक्रार मालक देऊ शकतो आणि अत्याचाराची फिर्याद घेऊन निघालेली व्यक्ती स्वतःच बेकायदा रहिवासी ठरते. कामगाराचा पासपोर्ट काढून घेणे अनेक आखाती देशांत कायद्याने गुन्हा असूनही ती प्रथा थांबलेली नाही. अशा वेळी दूतावासाचे निवारागृह आणि तातडीचे प्रवास प्रमाणपत्र उपयोगी पडते. पण मायदेशी परतणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. फिर्यादी विमानात बसला की खटलाही बहुधा तेथेच थांबतो.

भारतीय न्यायालयांची पोहोच

‘भारतात गुन्हा नोंदवता येईल का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर गुन्हेगार कोण आहे यावर अवलंबून आहे. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागू होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीने त्याच्यावर येथे खटला चालू शकतो. पूर्वीच्या संहितेतील याच स्वरूपाच्या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बोत्स्वानातील कौटुंबिक छळाच्या एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. ही परवानगी खटला चालविण्यासाठी लागते; प्रकरणाची दखल घेण्यासाठी नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सासरच्या छळामुळे माहेरी आश्रय घेतलेल्या स्त्रीला तेथील न्यायालयातही दाद मागता येईल, असा निर्णय २०१९ मध्ये आला. परदेशातून परतलेल्या स्त्रियांना या दोन्ही निकालांचा आधार घेता येतो. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्षही अशा तक्रारी हाताळतो.

गुन्हेगार परकीय नागरिक असेल, तर चित्र पालटते. केवळ पीडित भारतीय आहे एवढ्यावरून भारतीय न्यायालयाला सामान्य गुन्ह्यात अधिकार मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय तपास संस्थेला परदेशात भारतीय नागरिकांविरुद्ध घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करण्याची मुभा दिली. परंतु ती दहशतवाद, मानवी तस्करी अशा अनुसूचित गुन्ह्यांपुरतीच आहे. रस्त्यावरील मारहाण, लूट किंवा खून यांचा निवाडा जेथे गुन्हा घडला तेथेच होणार. म्हणून घरी परतण्यापूर्वी फिर्यादीचा क्रमांक, वैद्यकीय अहवाल, तपास अधिकाऱ्याचा संपर्क आणि स्थानिक वकिलाला दिलेले मुखत्यारपत्र हाती असणे निर्णायक ठरते. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य असल्याने भारतात केलेले मुखत्यारपत्र अपोस्टिलच्या शिक्क्यानिशी त्या कराराच्या सदस्य देशांत ग्राह्य धरले जाते.

पीडितच आरोपी ठरतो तेव्हा

आग्नेय आशियातील सायबर फसवणूक केंद्रांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान एक लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख लोक अशा केंद्रांत जबरदस्तीने अडकलेले असावेत. नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुणही त्यांत होते. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना परत आणले.

हे तरुण तस्करीचे बळी आहेत आणि त्यांच्या हातून इतरांची फसवणूकही झालेली आहे. तस्करीच्या बळीला जबरदस्तीने करावयास लावलेल्या कृत्यांसाठी शिक्षा होऊ नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. प्रत्यक्षात त्यांची ओळख आधी पोलिसांच्या छाप्यात अटक झालेले संशयित म्हणून होते. गंमत अशी की, कोंडून ठेवले असताना त्यांच्याविषयी दूतावासाला कोणी कळविण्याचे बंधन नसते. अटक होताच कलम ३६ लागू होते.

भारताने घालून दिलेला दंडक

परदेशात आपल्या नागरिकांसाठी न्याय मागताना भारताच्या हाती एक भक्कम आधार आहे आणि तो आपल्याच न्यायालयाने दिलेला आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २००० रोजी दिलेल्या निकालात तिला १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश कायम केला. ती भारताची नागरिक नाही, हा रेल्वेचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. घटनेच्या कलम २१ मधील जीविताचा हक्क ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नाही, हे त्यामागील सूत्र होते. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील पीडित भरपाई आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष देण्याची सोय यांचा लाभ परकीय पीडितालाही घेता येतो. भारतात आलेल्या विदेशी पर्यटकाला या तरतुदी प्रत्यक्षात किती सुलभपणे मिळतात, यावर परदेशातील आपल्या मागणीचे वजन ठरणार आहे.

पुढची दिशा

व्हिएन्ना करारात बदल घडविणे हे दीर्घ काळाचे काम आहे. द्विपक्षीय करारांचा मार्ग त्यामानाने जवळचा आहे. अलीकडच्या वर्षांत भारताने फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, इटली आदी देशांशी स्थलांतर आणि गतिशीलता करार केले आहेत. मनुष्यबळाच्या ये-जा संबंधीच्या या करारांत पीडिताच्या संमतीने वकिलातीला कळविण्याचे, खटला संपेपर्यंत फिर्यादीचा आणि त्याच्या अवलंबितांचा निवास अबाधित ठेवण्याचे आणि मायदेशातून दूरसंवादाने साक्ष नोंदविण्याचे कलम समाविष्ट करता येईल. कामगार पुरविणाऱ्या देशाला वाटाघाटीत आज जे वजन आहे, ते वापरण्याची हीच वेळ आहे.

देशांतर्गत पातळीवर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याची जागा घेणाऱ्या विधेयकाचा मसुदा २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला करण्यात आला. जुना कायदा नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरताच आहे. विद्यार्थी आणि अवलंबित त्याच्या कक्षेबाहेर राहिले. नव्या कायद्यात त्यांना स्थान मिळते का आणि कल्याण निधीतील कायदेशीर साहाय्य दूतावासाच्या मर्जीऐवजी निश्चित निकषांवर मिळू लागते का, याकडे परदेशस्थ भारतीयांच्या संघटनांचे लक्ष असावयास हवे.

तोपर्यंत परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाने पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रतींबरोबर दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, त्या देशातील मोफत विधी साहाय्य केंद्राचा पत्ता आणि तेथील पीडित भरपाई योजनेची मुदत एवढे तरी टिपून ठेवणे हिताचे आहे. आजच्या व्यवस्थेत पहिला दूरध्वनी पीडितालाच करावा लागतो.